मुलांना मासोळी कुठं दाखवायची: तक्ता, बाजार की तलाव?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या शाळेनं आपल्या भागातल्या मासोळीवर एक दिवस द्यायचं ठरवलं, तर तीन वाटा असतात: वर्गात तक्ता, आठवडी बाजार किंवा थेट तलावाची पाळ. बहुतेक गुरुजी तलाव धरतात. हाताशी एकच दिवस असेल तर मी बाजार धरेन.

तक्त्याचं लवकर आटोपतं. तयार तक्त्यावर सहसा पापलेट, सुरमई, बांगडा असतात. पापलेट 2023 पासून राज्यमासा आहे, सामान्यज्ञानाला ठीक. पण लाखांदूरकडच्या पोराच्या ताटात तो क्वचितच येतो. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदीही समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी, आपल्या तलावांसाठी नाही. तक्ता हवाच असेल तर फेरी झाल्यावर पोरांनी स्वतः काढलेला लावा.

बाजाराची मोठी जमेची बाजू म्हणजे घरात काय शिजणार ते तिथंच ठरतं, आणि आई सोबत असते. कटला, रोहू, मिरगल शेजारीशेजारी मांडलेले असतात. पोरांना नावं सांगत बसू नका, तोंडं बघायला लावा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, मिरगलचं खाली झुकलेलं, रोहूच्या ओठाला बारीक झालर. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मिरगल तळाशी. म्हणून तिघांचं बीज एकाच तलावात सोडतात. पाचवीतल्या पोराला हे ओट्यापाशी पाच मिनिटांत कळतं.

मग विकणाऱ्या मावशीला पोरांनीच विचारावं, ‘ही कुठची?’ बर्फातल्या मोठ्या मासोळीचं उत्तर पुष्कळदा ‘आंध्रची’ असं येतं. मरळ वळवळतेय म्हणून ती गावच्याच तलावाची, असं मात्र धरू नका. ती हवेतूनही श्वास घेते, ओल्या टोपलीत तासन् तास तग धरते आणि लांबूनही येते. मांगूर दोन-तीन किलोचा दिसला तर तो देशी नव्हे. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो. बारीक चिल्लर मासोळीही घ्यायला सांगा: काट्यासकट खाल्ली की कॅल्शियम मिळतं. वांग्यात सुके झिंगे घरोघरी असतातच, त्याची वेगळी शिकवणी नको.

बाजारात खोटही आहे. गिऱ्हाईक वाढलं की मावशी बोलणार नाही, म्हणून सकाळी लवकर जा आणि पावशेर का होईना, घ्या. मासोळी वाढते कशी, हे मात्र ओट्यावर दिसत नाही. त्यासाठी तलावच लागतो.

आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मासेमारीसाठी बहुधा ढीवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. अध्यक्षांना आधी विचारा. जाळं काढायच्या दिवशी गेलात तर सोनं. त्यांना एवढंच सांगायला लावा: दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत का आणावी लागते? कटला-रोहू नदीच्या पुरात अंडी घालतात, तलावाच्या साचल्या पाण्यात नाही. हिरालाल चौधरींनी 10 जुलै 1957 रोजी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या मासोळीकडून अंडी घालून घेतली. आज तलावात पडणाऱ्या बीजाची वाट तिथून निघाली.

मरळीचं उलट. ती काठच्या वनस्पतींत स्वतःच वाढते. पावसाळ्यात नीट पाहिलं तर पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका खदखदताना दिसतो आणि खाली आईबाप राखण करत असतात. कुणी तो घोळका धोतरात उचलला की त्या जोडीची अख्खी वीण गेली. काठ बेशरम नावाच्या झुडपानं व्यापला तरी नुकसानच. अर्जुनी मोरगाव भागात ढीवर महिलांच्या गटांनी बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या आहेत. असं काम जवळपास असेल तर दुसरीकडे जाऊच नका.

पण पावसाळ्यात चाळीस पोरं पाळीवर नेणं मला तरी झेपणारं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. जंगलालगतचा तलाव असेल तर ऊन चांगलं वर आल्यावरच. ब्रह्मपुरी-नागभीडकडच्यांना वाघाचं वेगळं सांगायला नको. आणि वर्गात ढीवरांची पोरं असतील तर त्यांना नमुना म्हणून उभं करू नका. ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेल. न खाणाऱ्या घरच्या पोरांनाही नावं, तोंडं, कल्ले पाहायला काहीच अडचण नसते.

पहिली ते चौथी असेल तर बाजार पुरे, आयांना सोबत घेऊन. पाचवीपासून पुढे बाजार आणि हिवाळ्यात तलाव, दोन्ही जमवा. पालकांशी चढणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या मासोळीबद्दल बोलायचं असेल, अंड्यांनी भरलेली मादी सोडून द्या म्हणायचं असेल, तर ते एप्रिलच्या पालकसभेत उरका. पहिल्या पावसात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी धावू लागलं की जाळी-टोपल्या घेऊन निघालेलं गाव गुरुजींचं ऐकत नाही.