2 बाय 2 चे पेव्हर: एक पावसाळा काढल्यानंतर

फेब्रुवारीत मागच्या दारी 2 बाय 2 फुटांचे सिमेंटचे पेव्हर, म्हणजे अंगणात घालायच्या जाड फरश्या, बसवले, 12 बाय 16 फुटांची जागा, 48 नग. तेव्हा भेटेल त्याला सांगत होते डोळे झाकून घ्या म्हणून. आता नोव्हेंबर चालूय आणि सांगणं बदललंय, फरशी घ्याच पण मिस्त्री खाली काय भरतोय ते उभं राहून बघा.

उन्हाळाभर मस्त होतं, सांधे कमी, झाडायला सोपं, कुरडया-पापड सगळं तिथेच वाळवलं. जुलैत दाराजवळची एक फरशी डुगडुगायला लागली. एकच. पाय पडला की टक्क, आणि सांध्यातून गढूळ पाण्याची चिळकांडी. सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालायला जातात, त्यांचा तोल गेला, भिंत हाताला लागली म्हणून वाचल्या. तेव्हापासून बाकीच्या 47 मला दिसतच नव्हत्या, घरात बसूनही त्या टक्ककडेच कान.

मी मालालाच दोष देत होते, दुकानदाराशी कडाकडा भांडले. मिस्त्री फोनच उचलेना. शेवटी दुसऱ्या गवंड्याकडून ती उचलून घेतली, 50 एमएम जाड, एकेक 43 किलोच्या आसपास, दोन माणसं लागतात. खाली चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे गोळे, बाकी सगळं पोकळ, आणि गोळ्यांखाली थेट काळी माती! आम्ही सांगलीकडचे, कृष्णाकाठची ही माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर पाच गोळे काय टिकणार? फरशीला साधा चरा नव्हता. दुकानदाराला जाऊन सॉरी म्हणाले.

पाऊस गेल्यावर सगळंच उचललं. फूटभर माती काढली, मुरूम चार-चार इंचांचे थर देऊन पाणी मारून धुमसला, वर इंचभर दगडाची बारीक कच, त्यावर फरशी रबरी हातोड्याने ठोकून. कडेने काँक्रीटची पट्टी, नाहीतर कच सरकते. ढाळ भिंतीपासून बाहेर, 12 फुटांत पावणेदोन इंच, मी स्वतः लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून मोजला. मजुरी दुसऱ्यांदा गेली, त्याचा राग अजून आहे. पण गोळे छिन्नीने काढून 46 फरश्या परत वापरता आल्या, दोनच नव्या आणल्या.

परवा दारात चार बादल्या ओतल्या, पाणी सरळ कंपाउंडकडे गेलं. सांध्यातली कच अजून खाली बसतेय, दर रविवारी झाडूने परत भरते.