नॉर्दर्न लाइनची सिग्नल सिस्टिम: 5 पैकी 4 स्टार

सिग्नलला कोणी स्टार देतं का, पण मी रोज लंडन अंडरग्राउंडच्या (इथली मेट्रो) याच लाइनने मॉर्डन ते बँक जातो (स्टेशनचं नाव आहे बँक, पैसे काढायला नाही जात) त्यामुळे देणारच.

अंडरग्राउंडमध्ये ही सिस्टिम आधी ज्युबिली लाइनवर बसवली. 2009 संपता संपता व्हायला हवी होती, 2011 उजाडलं. टेस्टिंग चालू लाइनवरच, म्हणून वीकेंडच्या वीकेंड लाइन बंद, म्हणजे आपला मेगाब्लॉकच हो, फक्त आपला रविवारी काही तासांचा असतो आणि इथे शनिवारही गेला.

मग तेच सामान नॉर्दर्नवर आणलं आणि इथे मात्र ठेच लागलेली कामी आली. नवीन काही करून बघायच्या भानगडीत पडले नाहीत, ज्युबिलीवर घासूनपुसून निघालेलं सॉफ्टवेअर घेतलं, गाड्याही जवळपास जुळ्याच, आणि सुरुवात कुठून तर उत्तरेच्या टोकाला हाय बार्नेटकडून, मग तुकड्या तुकड्याने पुढे. मला हे फार पटलं, बोंब झालीच तर टोकाला होईल, ऐन मध्यात नाही. जून 2014 मध्ये काम संपलं, ठरल्यापेक्षा सहा महिने आधी! सरकारी कामात हे वाक्य टाइप करताना पण विचित्र वाटतंय.

फरक काय तर, पूर्वी रुळाचे ठरावीक तुकडे आणि एका तुकड्यात एकच गाडी. आता रुळांमध्ये केबल आहे, तिच्यातून गाडी आणि कॉम्प्युटर सतत बोलत असतात, त्यामुळे मागची गाडी पुढचीच्या बरीच जवळ येऊ शकते. ड्रायव्हर आहे, पण तो दरवाजे बघतो आणि बटणं दाबतो, वेग-ब्रेक सिस्टिमकडे. गर्दीच्या वेळी मध्य लंडनात तासाला 20 च्या जागी 24 गाड्या.

मुंबई लोकललाही सीबीटीसी (म्हणजे अशीच, गाडी आणि कॉम्प्युटर सतत बोलत राहणारी सिस्टिम) बसवायचं ठरलं होतं, तर साहेब लोकांनी ज्युबिलीची फाइल आधी वाचावी, मग नॉर्दर्नची.

एक स्टार कापला कॅम्डन टाउनसाठी. उत्तरेचे दोन फाटे आणि शहरातले दोन तिथे एकमेकांत मिसळतात, एक गाडी रेंगाळली की मागच्या सगळ्या लटकल्या, सिग्नल कितीही हुशार असू दे फाटा तोच.

बाकी परवा आई डोंबिवलीहून आलीय, गाडी सुटताना मी धावायला लागलो तर बोर्डावरची 2 मिनिटं बघून म्हणाली, अरे धावू नकोस, मागून दुसरी येतेय. हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.