दवाखान्यात भरती न होता दारू सुटते का? फौजीच्या घरातला वर्षभराचा अनुभव (सातारा)

मिस्टरांना विचारून लिहितेय. "माझं आणि गावाचं नाव नको, बाकी काय लिहायचं ते लिही," म्हणाले. तेव्हा कोरेगाव तालुका, तोफखान्यातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले, आता एमआयडीसीत सिक्युरिटीला, एवढी ओळख पुरे. दवाखान्याचंही नाव घालत नाही, कारण कौतुकासोबत तक्रारीही आहेत. साताऱ्यात एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमची ओपीडी आहे, तिथे समुपदेशक बसतात आणि आठवड्यातून एकदा माजी सैनिकांचा गट भरतो. तिथे जायला लागून आता वर्ष होत आलं.

ज्यांना शेवटपर्यंत वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी: हो, भरती न होता दारू सुटू शकते. पण मग वॉर्ड तुमच्या घरात येतो आणि नर्स तुम्ही होता. आम्हाला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

साताऱ्याला व्यसनमुक्ती काही नवी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी इथेच 'परिवर्तन' उभं केलं, पुण्याचं मुक्तांगण तर १९८६ पासून आहे. भाऊजी म्हणत होते, सरळ मुक्तांगणला टाका. पण मिस्टर 'भरती' म्हटलं की उठून जायचे. त्यामागे फौजेतलं कारण आहे. तिथे मेडिकल कॅटेगरी 'शेप' या पाच अक्षरांवर ठरते. कान गेला तर एच, डोळे गेले तर ई, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पहिलं अक्षर एस, म्हणजे मन. ते खाली आलं की प्रमोशन, पोस्टिंग, कोर्स, सगळ्यावर सावट. वर कंपनीत 'सायकियाट्रीवाला' हे नाव पडतं ते वेगळंच. म्हणून माणसं झोप येत नसली तरी गप्प बसतात आणि संध्याकाळच्या दोन पेगवर भागवतात. ही सवय पेन्शनसोबत घरी येते. आता कसली कॅटेगरी आणि कसलं प्रमोशन, पण भीती काही रिटायर होत नाही.

ओपीडीवर ते तयार झाले ते ड्युटी बुडणार नाही म्हणून. तरी मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही. आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का, यकृत कसं आहे, घरात रात्री जागणारं कुणी आहे का, हे सगळं विचारलं. फिटचा किंवा भासाचा इतिहास असता तर घरी करू दिलं नसतं, असं स्पष्ट सांगितलं. रोज पिणाऱ्याने एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं, हे गावात कुणाला पटत नाही. "देवाची शपथ घे आणि सोड," म्हणतात. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो.

तो पहिला आठवडा सविस्तर सांगते. लोराझेपामच्या, म्हणजे थरकाप आणि फिट आवरणाऱ्या गोळ्या, रोज थोड्या कमी करत न्यायच्या. मॅडम दोन-तीन दिवसांपुरत्याच द्यायच्या, कारण या गोळ्यांचीही सवय लागते. त्या माझ्याकडे, कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. एक वही केली: नाडी, बीपी, हाताचा थरकाप, घाम, किती झोपले. ताप, फिट, 'भिंतीवर मुंग्या चाललेत' असलं बोलणं किंवा वेळ-जागा न कळणं, यातलं एक जरी दिसलं तरी फोन न करता सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं, असं ठरलं होतं. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आधी इंजेक्शनने आणि मग गोळीने. याचं महत्त्व मला नंतर कळलं. आपल्याकडे जरा अशक्तपणा आला की गावच्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावायची पद्धत. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं. अशा माणसाला थायमिन न देता ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिसऱ्या दिवशी सासूबाई सलाईनसाठी हट्टाला पेटल्या होत्या. मी वहीतलं पान दाखवलं. त्या वाचत नाहीत, पण लिहिलंय म्हटल्यावर गप्प बसल्या.

आठवडा संपला आणि हात थांबले. घरात पेढे वाटायची घाई झाली. खरा आजार त्यानंतर वर आला.

रात्री. दारू असताना ते पडल्या पडल्या झोपायचे, म्हणून आम्हाला वाटायचं झोप चांगली आहे. दारू सुटल्यावर दाबून ठेवलेली स्वप्नं उसळून आली. ओरडत उठायचे, एकदा झोपेत माझा हात पिरगाळला. शेवटची काही वर्षं काश्मीरमधल्या कुपवाड्यात, राष्ट्रीय रायफल्स या अतिरेक्यांशी लढणाऱ्या दलात काढलेली. तिथलं काय ते मला आजही पूर्ण माहीत नाही आणि मी विचारत नाही. मॅडमनी वीस प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला आणि सांगितलं की हा दारूपेक्षा वेगळा आजार आहे, आघातानंतरचा, आणि दारू हे त्याच्यावरचं त्यांनी स्वतः शोधलेलं औषध होतं. या दवाखान्याला मी सगळ्यात जास्त गुण इथे देते. आधी ज्या एका ठिकाणी दाखवलं होतं तिथे म्हणाले होते, "पहिले सहा महिने कोरडे राहा, मग झोपेचं बघू." झोप नाही म्हणून पितात, आणि पितात म्हणून झोपेवर उपचार नाही. असा माणूस सहा महिने कसा काढेल? इथे दोन्ही एकाच फाईलमध्ये, एकाच वेळी.

सर्ट्रालिन हे उदासी-भीतीवरचं औषध सुरू झालं. त्याचा गुण यायला महिना-दीड महिना गेला, सुरुवातीला उलट बेचैनी वाढली. स्वप्नांसाठी झोपताना प्राझोसिन, अगदी कमी डोसपासून. ते मुळात बीपीचं औषध, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. सगळ्यांना हे लागू पडतंच असं नाही, अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. आम्हाला लागू पडलं. स्वप्नं गेली नाहीत, पण आता उठल्यावर आपण घरात आहोत हे त्यांना लगेच कळतं.

लग्नाच्या वरातीतले सुतळी बॉम्ब आणि डीजे यांवर अजून उपाय नाही. समुपदेशकांनी आवाजाची हळूहळू सवय करवली, मोबाईलवर आधी बारीक, मग मोठा. निम्मं काम झालं. गणपतीत आम्ही विसर्जनाच्या दिवशी माहेरी शेतावर जातो.

आता गोळ्यांचं. यकृताचे रिपोर्ट वाढलेले होते, म्हणून दारूची ओढ कमी करायला सुरुवातीला ॲकॅम्प्रोसेट दिलं, ते यकृतावर भार टाकत नाही. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, म्हणजे दिवसाला सहा. ड्युटीवरच्या माणसाला दुपारच्या गोळ्या आठवत नाहीत आणि पोट बिघडतं. रिपोर्ट सुधारल्यावर, लग्नसराईच्या तोंडावर, मिस्टरांनीच डायसल्फिरम मागितलं. ही ती गोळी जिच्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, बीपी खाली. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. खोकल्याच्या औषधातल्या अल्कोहोलनेही त्रास होऊ शकतो, दाढीनंतरचं लोशनसुद्धा बदलावं लागलं. मला निदान चार बायकांनी सांगितलंय, "चहातून दे, कळतंय कुठे त्यांना." मॅडमना विचारलं तर त्या चिडल्याच. नकळत दिलेल्या गोळीवर माणूस क्वार्टर लावून आला तर तो मरू शकतो. वर एकदा कळलं की तो घरचं अन्नही विश्वासाने खाणार नाही. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी, माझ्यासमोर, ते स्वतः घेतात. पेपरात छोट्या जाहिराती येतात ना, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा', त्या पावडरींत काय असतं ते कुणी सांगत नाही. त्यापासून चार हात लांब राहा.

फौजेच्या कॅन्टीनचा विषय बाहेरच्यांना कळणार नाही. कार्डावर दर महिन्याला हुद्द्याप्रमाणे दारूचा कोटा मिळतो, बाहेरपेक्षा बराच स्वस्त. गावात ती बाटली म्हणजे नोट चालावी तशी चालते. प्लंबरला एक, ट्रॅक्टरवाल्याला एक, कचेरीत काम अडलं तर एक. मिस्टरांनी कोटा उचलायचं बंद केल्यावर पिणाऱ्या मित्रांपेक्षा न पिणारे नातेवाईक जास्त रुसले. "तू पिऊ नको रे, पण आमची का अडवतोस?" हे वाक्य मी सख्ख्या माणसांकडून ऐकलंय. डॉक्टरांकडे याचं उत्तर नव्हतं. गटातल्या एका नाईकसाहेबांनी युक्ती सांगितली: कॅन्टीनला बायकोसोबत जायचं, साबण, तेल, डाळ घ्यायची आणि दारूच्या खिडकीला लाईनच लावायची नाही. हे जमलं.

गटाबद्दल थोडं. पहिल्या दिवशी समुपदेशक मुलगा म्हणाला, इथे हुद्दा दाराबाहेर ठेवायचा, सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची. खोलीत एकदम शांतता. शिपाई म्हणून रिटायर झालेला माणूस सुभेदार साहेबांना नावाने हाक मारेल, हे त्या पोराने कुठल्या पुस्तकात वाचलं कोण जाणे. दोन आठवड्यांनी नियम गुपचूप गेला, 'साहेब' परत आलं आणि माणसं बोलायला लागली. ज्या दिवशी सुभेदार साहेबांनीच पहिल्यांदा सांगितलं की ते दिवा लावून झोपतात, त्या दिवसापासून आमचे मिस्टर गट चुकवत नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांनाही ते अधूनमधून जातात. तिथे फी नाही, पिणं सोडायची इच्छा एवढीच अट. पण कुपवाड्याचं बोलायचं असेल तर त्यांना फौजीच लागतो.

मधे एकदा घसरले. बॅचमेटच्या घरी, वास्तुशांतीला. गोळीत खंड पडलेला होता, हे नंतर कळलं. मला वाटलं सगळं मुसळ केरात. मॅडमनी रागावण्याऐवजी त्या आठवड्याची वही मागितली: झोप किती, डबल ड्युटी किती, गोळी कुठल्या दिवसापासून चुकली. घसरण बाटलीच्या चार दिवस आधीच सुरू झालेली कागदावर दिसत होती.

तक्रारी. वर्षभरात समुपदेशक तिसरा आहे, आणि प्रत्येकाला कुपवाडा पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जखमेची खपली काढणं. वेळ सकाळी दहा ते एक, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोप सोडून यायचं. कागदपत्रं सगळी इंग्रजीत. आणि घरच्यांसाठी काहीच नाही. कितीतरी महिने मला कुणी विचारलं नाही की बाई, तू झोपतेस का? शेवटी मीच विषय काढला, तेव्हा मला वेगळी वेळ मिळाली आणि बीपी निघालं. रात्री-अपरात्री मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन केलाय. ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, मराठीत बोलतात. सैन्यातल्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

पैशांचं म्हणाल तर आमचे डॉक्टर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॅनेलवर नाहीत, त्यामुळे फी आणि औषधं खिशातून, महिन्याला दोन-अडीच हजार. तुम्हाला योजनेतून करायचं असेल तर आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग पॅनेलवरचं हॉस्पिटल, असा रस्ता आहे. मानसिक आजार त्यात बसतो. दारूसाठी आलोय एवढंच सांगू नका, झोपेचं आणि स्वप्नांचंही सांगा.

माणूस एकटा राहत असेल तर मी हा मार्ग सुचवणार नाही. मरणाच्या गोष्टी बोलत असेल तरी नाही, तिथे भरतीच बरी. आणि एक प्रश्न मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारला, जो मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं: घरात बंदूक आहे का? आपल्या भागात कितीतरी माजी सैनिक लायसनची बारा बोअर घेऊन बँकेत नाहीतर एटीएमच्या गाडीवर गनमन असतात. आमच्याकडेही होती. "ती घरात असेपर्यंत मी घरी उपचार करणार नाही," म्हणाल्या. त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली. मिस्टरांना ते दारू सोडण्यापेक्षा जड गेलं. बिनबंदुकीच्या ड्युटीला पगार कमी, तो फरक आम्ही सोसतोय.

जाणार असाल तर डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), फौजेतले जुने मेडिकल कागद आणि आतापर्यंतच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. सोमवार टाळा, फार गर्दी असते. आणि झेरॉक्स आधीच काढून ठेवा, दवाखान्याच्या दारातला दुकानदार दुप्पट घेतो.