पृथ्वीशी तुलनेला शुक्र घ्यावा की मंगळ?

दिवाळी सरली की नागपुरातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. आठवीतल्या भाचीला यंदा विषय मिळाला ‘पृथ्वीवरच जीवसृष्टी का?’ तुलनेला शेजारचा एकच ग्रह घ्यायचा, ही तिच्या बाईंची अट. रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पाहून आलो, तरी तिचं ठरेना. मग आम्ही दोन्ही ग्रहांचा हिशेब मांडला. आणखी कोणाचं अडलं असेल तर उपयोगी पडेल.

आधी मंगळ, कारण तो सोपा. दिवस 24 तास 37 मिनिटांचा, आस आपल्यासारखीच कललेली, म्हणून तिथे ऋतूही होतात. मंगलयानामुळे तो ओळखीचाही. पण वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश. ओढ कमी, त्यात आतली धग लवकर ओसरली, सबंध ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र संपलं आणि हवा अवकाशात निसटत गेली. आज तिथला दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे पाणी द्रवरूपात टिकतच नाही. हे दाखवायला बिनसुईची सिरिंज पुरे. थोडं गरम पाणी ओढा, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे खेचा. दाब घटला की पाणी उकळू लागतं. बघणारे खूश.

मात्र लाल रंगाचे चेंडू आणि पुठ्ठ्याचे रोव्हर दर वर्षी चार-पाच तरी असतातच.

शुक्र तसा अवघड, पण माझं मत त्याच्याच बाजूने. व्यास पृथ्वीच्या 95 टक्के, म्हणजे जवळजवळ जुळा भाऊ. तरी पृष्ठभागावर सुमारे 465 अंश तापमान आणि दाब आपल्या नव्वदपट. मे महिन्यात 45 अंशांनाच आपला जीव जातो! ‘सूर्याच्या जवळ आहे म्हणून’ हे उत्तर इथे पुरत नाही. त्याचे ढग तीन चतुर्थांश ऊन परतवून लावतात, म्हणून आज शुक्र पृथ्वीपेक्षा कमीच ऊन शोषतो. भट्टी पेटते ती 96 टक्के कार्बन डायऑक्साइडमुळे. आणि चुंबकीय क्षेत्र तर त्यालाही नाही, तरी हवा दाट. म्हणजे मंगळाच्या तक्त्यावर नुसतं ‘क्षेत्र गेलं म्हणून हवा गेली’ लिहिलंत, तर हुशार परीक्षक तिथेच पकडेल.

मग आपला कार्बन कुठे गेला? बराचसा दगडात. सीताबर्डीची टेकडी लाव्हाच्या काळ्या दगडाची. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्ल पाणी दगड झिजवतं. सुटलेलं कॅल्शियम नाग नदीतून कन्हान, वैनगंगा, गोदावरी असं करत समुद्राला मिळतं आणि तिथे चुनखडक होऊन बसतं. ज्वालामुखी त्यातला काही कार्बन पुन्हा हवेत सोडतात. ऊब वाढली की झीज वाढते, गारठा वाढला की मंदावते. लाखो वर्षांच्या चालीने फिरणारी ही कळ पाण्यावाचून चालत नाही आणि शुक्राचं पाणी केव्हाच उडून गेलं. आपल्या खडकांतला सगळा कार्बन हवेत आला, तर पृथ्वीची हवाही शुक्राच्या जवळपास जाईल.

याचा प्रयोग तर घरातच सापडला. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडकच. तिच्या भुकटीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतात. तोच दगडात कोंडलेला वायू. बाटलीत हा वायू भरून दिव्याखाली थर्मामीटर ठेवायचा प्रयोग मात्र टाळा. त्यातली तापमानवाढ बरीचशी दुसऱ्याच कारणांनी होते.

पाचवी-सहावीतलं मूल असेल तर मंगळ आणि सिरिंज घ्या, बोलायला सोपं. आठवीच्या पुढे शुक्रच. भाचीने शुक्र घेतला, फरशी कुटायचं काम माझ्याकडे आलं.