तिसरी मात्रा की पहिली?
ऑगस्ट 2021 मध्ये इस्रायल साठीपुढच्या नागरिकांना कोविड लशीची तिसरी मात्रा देत असताना श्रीमंत देशांत दर शंभर लोकांमागे सुमारे 100, तर गरीब देशांत जेमतेम दीड मात्रा दिली गेली होती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अशा वर्धक (बूस्टर) मात्रा तूर्त थांबवण्याचे आवाहन केले. वर्धक मात्रेने ज्येष्ठांची ओसरणारी प्रतिकारशक्ती पुन्हा वाढते, हे खरे; परंतु लस मुळीच न मिळालेल्या आरोग्यसेविकेला पहिल्या दोन मात्रांतून लाभणारे संरक्षण, माझ्या मते, कितीतरी मोलाचे होते. अर्थात, तिसरी मात्रा रोखल्याने ती कुपी आपोआप आफ्रिकेत पोहोचणार नव्हती: गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेची मोठी भिस्त पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती, आणि दुसऱ्या लाटेत भारताने थांबवलेला या योजनेचा पुरवठा थेट नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला.