अवजड डिझेल गाडीची पीयूसी कोल्हापुरात कुठे काढावी, कुठे काढू नये

दहा-बारा टायरच्या गाडीची पीयूसी म्हणजे बहुतेक गाडीमालकांच्या लेखी फक्त कागद. पासिंगची तारीख जवळ आली की डायव्हरला फोन जातो, वाटेत दिसेल त्या खोक्यावर गाडी उभी राहते आणि पाच मिनिटांत काम उरकतं. डिझेल गाडीसाठी महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५० रुपये दर ठरला. त्या दीडशेत एके ठिकाणी क्यूआर कोडचा नुसता कागद मिळतो, तर दुसरीकडे डिझेल फवारणारं नोझल, इंजिनाला जादा हवा देणारा टर्बो आणि डिझेल पंप यांची हालत सांगणारा आकडा मिळतो. पैसे तेवढेच जातात, म्हणून केंद्र निवडून घेतलेलं बरं.

कोल्हापूर आणि आसपास ही सेवा साधारण तीन रूपांत मिळते.

पहिली म्हणजे शहरातल्या पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली केबिन. ती दुचाकी आणि कारसाठी ठीक आहे. पेट्रोल आणि सीएनजीला गॅस अ‍ॅनालायझर लागतो, डिझेलला स्मोक मीटर. ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि प्रत्येक केबिनमध्ये दोन्ही असतीलच असं नाही. शिवाय बारा मीटरची गाडी तिथे वळवायची कुठे? आरटीओ ताराबाई पार्कात आहे म्हणून पीयूसीसुद्धा तिथेच जवळपास काढावी, असा काही नियम नाही. नोंद ऑनलाइन जाते, केंद्र कुठलंही चालतं. अवजड गाडीसाठी या केबिनला पाचपैकी एक.

दुसरी फिरती व्हॅन. ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर किंवा एमआयडीसीच्या गेटबाहेर ती येऊन थांबते. सोय मोठी आहे, एका जागी दहा गाड्या होतात. पण अड्ड्यावरची गाडी रात्रीपासून उभी असते, इंजिन थंडगार. व्हॅनवाल्याला पुढची गाडी गाठायची असते, त्यामुळे इंजिन तापवायला कुणी थांबत नाही. इन्व्हर्टरवर चालणारं यंत्र स्वतः गरम होऊन स्थिर व्हायलाही वेळ घेतं, तोही दिला जात नाही. माणूस चोख असेल तर व्हॅनमधूनही तपासणी उत्तम होते, यंत्र तेच असतं. पण घाईची सवय पाहता पाचपैकी दोन.

तिसरी म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेच्या कडेला, उचगाव-शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूला, मोठं पटांगण असलेलं केंद्र. गाडी सरळ आत येते, सपाट जागेवर उभी राहते आणि रस्त्यावरून तापूनच आलेली असते. अवजड गाडीसाठी हाच प्रकार निवडावा, पाचपैकी चार. एक गुण राखून ठेवलाय, कारण पटांगण मोठं म्हणून हात चोख असतो असं नाही. ते ओळखायला पुढची माहिती लागेल.

चाचणी कशी व्हायला हवी ते आधी पाहू. डिझेल गाडीची पीयूसी ‘फ्री अ‍ॅक्सिलरेशन’ पद्धतीने होते: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला उटी (अडण), एसी बंद, एक्झॉस्ट ब्रेक बंद. इंजिन ऑइलचं तापमान किमान ६० अंश हवं. ते मोजायला डिपस्टिकच्या जागी तापमानाचा प्रोब घालतात. आरपीएमसाठी डिझेलच्या हाय प्रेशर पाइपला क्लॅम्प लावतात किंवा बॅटरीच्या टोकांवरून सिग्नल घेतात. मग पेडल एका दमात पूर्ण दाबायचं, इंजिन कटऑफपर्यंत, म्हणजे गव्हर्नर जिथे वेग रोखतो तिथपर्यंत न्यायचं, क्षणभर धरायचं, सोडायचं आणि आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता चालणाऱ्या संथ वेगावर स्थिरावू द्यायचं. सुरुवातीच्या काही रेस मोजण्यासाठी नसतात. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी बाहेर फेकायला असतात. त्यानंतरच्या रेसचे वाचन एकमेकांच्या जवळ आले, की त्यांची सरासरी धरायची. वाचन रेसगणिक उतरतच असेल तर काजळी अजून निघतेय असं समजून आणखी रेस मारायच्या.

‘एकदम दाबा’ यावर एवढा भर का, हे डायव्हरला समजावून सांगितलं पाहिजे. गाडी उभी असल्यामुळे इंजिनावर बाहेरचा लोड नसतो. फ्लायव्हील आणि आतले फिरते भाग वेगाने फिरवणं एवढाच भार. पेडल दाबताक्षणी डिझेल वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. त्या मधल्या क्षणी हवा कमी, डिझेल जास्त आणि काळा लोट बाहेर. मीटर तोच लोट पकडतो. पेडल हळूहळू दाबलं तर टर्बो वेळेवर हवा देतो, लोट दिसतच नाही आणि बिघडलेली गाडीसुद्धा पास होते. अर्ध्या रेसवर पास करणारं केंद्र गाडीमालकाला मदत करत नाही, त्याच्या डिझेलची गळती झाकून ठेवतं.

कटऑफपर्यंत रेस मारली की इंजिन बसतं, अशी भीती अड्ड्यावर नेहमी ऐकू येते. चांगल्या इंजिनाला काही होत नाही, कारण गव्हर्नर त्यासाठीच आहे. मात्र ऑइल कमी असेल, कूलंट उतरलेलं असेल किंवा डिझेल पंपाचं सील तोडून कटऑफ वाढवलेला असेल, तर धोका खरा आहे. म्हणून ऑइल आणि पाणी न बघता थेट रेस मारायला सांगणारा माणूस टाळावा.

आता आकडा. स्मोक मीटर धुराची घनता प्रकाश अडवण्यावरून मोजतो. एका बाजूला हिरवा प्रकाश, समोर सेन्सर, मधून धूर. निकाल दोन भाषांत येतो: ‘के’ म्हणजे प्रति मीटर प्रकाश शोषण, आणि एचएसयू म्हणजे टक्क्यांतली हार्ट्रिज मोजणी. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा के २.४५, म्हणजे ६५ एचएसयू. बीएस-४ ला के १.६२, म्हणजे ५० एचएसयू. ४३० मिलिमीटर लांबीच्या धुराच्या स्तंभाचा हिशेब धरला की ही दोन्ही मापं एकमेकांत बदलता येतात. बीएस-६ ची मर्यादा यापेक्षा बरीच खाली आहे आणि ती प्रमाणपत्रावरच छापलेली असते. ‘पास’ हा शब्द बघून कागद घडी घालू नका, मोजलेला आकडा वहीत लिहून ठेवा. बीएस-४ गाडीचा के गेल्या वेळी ०.८ होता आणि आता १.४ आला, तर गाडी पासच आहे, पण मधल्या काळात काहीतरी बिघडलंय.

केंद्रावर पोचल्यावर या गोष्टी बघा. गाडी येण्याआधी यंत्र चालू होतं का. सायलेन्सरमध्ये धुराचा प्रोब घालण्याआधी स्वच्छ हवेवर झीरो घेतला का. कॅलिब्रेशनची तारीख यंत्रावर किंवा भिंतीवर दिसते का. नळी मोडलेली किंवा पाण्याने भरलेली नाही ना. प्रोब पाइपाच्या आत नीट खोलवर, धुराच्या प्रवाहाच्या रेषेत गेला का. नुसता तोंडाशी अडकवला तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटाच कमी येतो. उलट लेन्सवर काजळी चढली असेल तर चांगली गाडीही नापास दिसते. नापास झाल्यावर भांडण्याऐवजी ‘लेन्स पुसून, झीरो घेऊन पुन्हा घ्या’ एवढं म्हणावं. चांगला माणूस हो म्हणतो.

पावसाळ्यात एक वेगळी गंमत होते. थंड सायलेन्सरमध्ये वाफेचं पाणी होतं, धूर पांढरट दिसतो आणि मीटरला तो अपारदर्शकच वाटतो. मीटरला रंग कळत नाही, प्रकाश अडला एवढंच कळतं. ऑइल जाळणाऱ्या इंजिनाचा निळा धूरही तो तसाच मोजतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये गाडी उभ्या जागी आयडलवर तापवून उपयोग नाही. आयडलवर डिझेल इंजिनाचं ऑइल फार सावकाश तापतं आणि काजळी उलट वाढते. कागलवरून लोड घेऊन आलेली गाडी थेट केंद्रावर घ्यावी, तपासणीची योग्य वेळ तीच. साखर कारखान्याच्या रांगेत तासन् तास आयडलवर सरकत राहिलेली उसाची गाडी तशीच तपासणीला नेली तर आकडा वर जाणारच. आधी हायवेवर वीसेक किलोमीटर चांगली दाबून आणावी.

नापास झाल्यावर लोक पहिल्यांदा पंप-नोझलवाल्याकडे धावतात आणि तिथेच पैसा वाया जातो. स्वस्तापासून सुरुवात करा. आधी एअर फिल्टर. फाउंड्रीची वाळू, विटांची धूळ किंवा बॉक्साइट वाहणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या बराच आधी तुंबतो. इंडिकेटर लाल झाला असेल तर आधी तो बदला आणि पुन्हा चाचणी घ्या. मग टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी नळ्या आणि क्लॅम्प. साबणाचं पाणी लावून, कुणाला तरी रेस मारायला सांगून बुडबुडे बघा. भेग बारीक असते आणि गाडी उभी असताना दिसत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मॅनिफोल्डपासून पंपाच्या बूस्ट कंट्रोलकडे जाणारी बारीक नळी तपासा. टर्बोची हवा वाढेपर्यंत डिझेल आवरून धरणं हे त्या कंट्रोलचं काम. त्याचा डायफ्राम फाटला किंवा ओढ वाढावी म्हणून कुणी सेटिंग बदललं असेल, तर प्रत्येक रेसला काळा ढग येतो. गगनबावडा, आंबा, फोंडा घाटांत चालणाऱ्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. डिझेल वाढवल्याने चढावर थोडी ओढ मिळते, पण तेवढी हवा नसते, म्हणून बरंचसं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं.

एवढं करूनही आकडा उतरला नाही तर नोझल. टेस्टरवर उघडण्याचा दाब आणि फवारा बघायचा. थेंब गळत असेल तर तो सिलिंडर धूर करणारच. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरच्या) गाडीत इंजेक्टरच्या परतीच्या डिझेलचं माप घ्यावं. एखाद्याचं इतरांपेक्षा खूप जास्त असेल तर तो बाजूला काढा. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) आणि धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का, हेही याच टप्प्यावर बघा. पंप कॅलिब्रेशन त्यानंतर आणि कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी. काउंटरवर मिळणाऱ्या ‘धूर कमी करणाऱ्या’ बाटल्यांनी गळकं नोझल बंद होत नाही, ते पैसे फिल्टरला घाला.

बीएस-६ गाडीचा, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाडीचा, हिशेब वेगळा. तिच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आहे आणि तो धड असेल तर के शून्याच्या आसपास येतो. पाइपाच्या तोंडात बोट फिरवलं तर काळं लागू नये. काळं लागलं तर डीपीएफ तडकलाय किंवा कुणीतरी तो काढून टाकलाय, मग आकडा मर्यादेत असला तरीही. डॅशबोर्डवर रिजनरेशनचा, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळण्याचा दिवा असताना चाचणी करू नये. त्या वेळी एक्झॉस्ट इतका तापतो की प्रोबची नळी वितळू शकते. काही गाड्यांत उभ्या स्थितीत आरपीएम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मर्यादित केलेला असतो. ‘गाडी पूर्ण रेस घेत नाही’ म्हणून परत पाठवणाऱ्या ऑपरेटरला हे माहीत नसतं.

या चाचणीची मर्यादाही ओळखून असावं. स्मोक मीटर नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाही. ती कमी करायला एक्झॉस्टमध्ये डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, फवारतात. ते वाचवण्यासाठी एमुलेटर (गाडीच्या कॉम्प्युटरला फसवणारं यंत्र) बसवलेली गाडी धुराच्या चाचणीत आरामात पास होते. पण म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. शिवाय डोझर (डीईएफ फवारणारा भाग) बंद राहून युरियाचे खडे जमले की पुढचं बिल वाचवलेल्या डीईएफच्या कितीतरी पट येतं.

कागदाची बाजू थोडक्यात. नवीन गाडीला नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ ला १२ महिन्यांची, त्याआधीच्या गाड्यांना ६ महिन्यांची मुदत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५ देशभर एकच, त्यामुळे इथे काढलेला कागद कोगनोळीच्या पुढे कर्नाटकातही चालतो. वैध पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे.

काम अडतं ते बहुतेक वेळा आरसीवरच्या मोबाइलला येणाऱ्या ओटीपीवर. गाडी तापलेली, यंत्र तयार, आणि तो नंबर निघतो जुन्या मालकाचा किंवा ज्याने कागद केले त्या एजंटचा. सेकंड हँड घेतलेल्या गाडीत हे हमखास होतं. परिवहनच्या पोर्टलवर नंबर आधीच बदलून ठेवा आणि चाचणीच्या वेळी तो फोन ज्याच्याकडे आहे त्याला सांगून ठेवा. पुढची नंबर प्लेट चिखलाने भरलेली असेल तर ती पुसायला क्लीनरला आधीच उतरवा, कारण फोटोत नंबर वाचता आला नाही तर गाडी तापलेली असूनही पुन्हा रांगेत उभी राहते.