गोव्यातील घराची पश्चिम बाजू : उघडा चिरा, गिलावा आणि खिडक्यांचे पर्याय

गोव्यात घर बांधायला काढणाऱ्याला पावसाचे प्रमाण कोणी सांगावे लागत नाही. पणजीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो; सत्तरी आणि सांगे या घाटाच्या पायथ्याच्या तालुक्यांत तो याहूनही अधिक असतो. मात्र भिंती आणि खिडक्या ठरवताना पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणत्या बाजूने येतो, हे आधी पाहावे लागते. सरळ पडणारा पाऊस वळचणीवरून पागोळ्या होऊन अंगणात उतरतो, पण नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारी झड भिंतीवर आणि तावदानांवर आडवी आपटते आणि जिथे बारीकशी फट सापडेल तिथून आत शिरते. म्हणून घराच्या चारही बाजूंना एकच साहित्य वापरण्याचा जो रिवाज पडला आहे, तो मला पटत नाही. पश्चिम आणि दक्षिण बाजूंवर चांगले आणि महाग काम करावे, पूर्व आणि उत्तर बाजूंवर साधे काम पुरते. पुढील तुलना याच दृष्टीने केली आहे.

भिंत : उघडा चिरा की गिलावा

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत न लिंपता तशीच ठेवण्याची आवड अलीकडे वाढली आहे. ती दिसते सुंदर, आणि गिलाव्याचा व रंगाचा खर्च वाचतो असेही वाटते. पण चिरा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. त्याच्या पोटात मात्र पांढऱ्या-पिवळसर मातीच्या गाठी असतात आणि झडीच्या माऱ्याने त्या धुऊन जातात. उघड्या भिंतीजवळ दोन-चार पावसाळ्यांनंतर उभे राहून पाहिले, तर जिथे गाठ होती तिथे बोट जाईल एवढे भोक पडलेले दिसते, त्याच्या कडेने हिरवे शेवाळ धरलेले असते आणि भोकाच्या तळाशी पाऊस थांबल्यावरही ओल टिकून असते.

जुन्या गोव्यातील बाँ जेझू बॅसिलिका हे याचे सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेले उदाहरण आहे. १६०५ साली पवित्र करण्यात आलेल्या या वास्तूच्या बाहेरील भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकण्यात आला आणि आज आपण पाहतो तो तांबडा चिरा उघडा पडला. तेव्हापासून त्या दगडाची झीज हा वास्तुसंवर्धन करणाऱ्यांच्या काळजीचा विषय झाला असून भिंतींना पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी वेळोवेळी होत आली आहे. आपल्या जुन्या मंदिरांच्या, चर्चच्या आणि घरांच्या भिंती चुन्याने लिंपलेल्या असत, त्यामागे शोभेइतकाच संरक्षणाचाही विचार होता.

यावर कोणी म्हणेल की गावातली जुनी चिऱ्याची घरे गिलाव्याशिवायही उभी आहेत. ती उभी आहेत हे खरे, पण त्यांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या आहेत आणि उतरत्या कौलारू छपराची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आलेली आहे. अशी भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि हिवाळ्यात सोडून देते. आतल्या पृष्ठभागापर्यंत पाणी पोहोचायच्या आत पावसाळा सरतो. सिमेंट काँक्रीटच्या सांगाड्यात भरलेली आजची चिऱ्याची भिंत सात ते नऊ इंचांची असते. तिला हा अवकाश मिळत नाही.

ज्यांना चिरा उघडाच हवा आहे त्यांनी तो पूर्वेकडे, पडवीच्या आत किंवा रुंद छपराखाली ठेवावा, दरजा सिमेंटने नीट भरून घ्याव्यात आणि सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचे पाणीरोधक द्रव्य मारावे. हे द्रव्य दगडाच्या छिद्रांत शिरते, पाणी आत येऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देते. चकाकणारे वॉर्निश मात्र टाळावे, कारण ते दगडावर पातळ पापुद्रा धरते आणि आतली ओल बाहेर पडू लागली की त्याच पापुद्र्याचे पोपडे सुटतात. हे पाणीरोधक द्रव्यही काही वर्षांनी पुन्हा मारावे लागते आणि दरजेतली भेग ते बुजवू शकत नाही. पश्चिमेच्या भिंतीसाठी माझे मत स्पष्ट आहे : तिथे गिलावाच करावा.

काँक्रीटचे ठोकळे किंवा एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलके केलेले ठोकळे, वापरणाऱ्यांपुढे हा प्रश्नच येत नाही, कारण त्यांना गिलावा करावाच लागतो. एएसी ब्लॉकही पाणी भरपूर शोषतात, तेव्हा बांधकामाच्या जागी ते जमिनीपासून उचलून ताडपत्रीखाली ठेवावेत. सुरू असलेले काम पावसाळ्यात अर्ध्यावर थांबले, तर कोणत्याही साहित्याच्या भिंतीचा माथा झाकून ठेवावा. उघड्या माथ्यातून उतरलेले पाणी पुढे कित्येक महिने आतल्या रंगाचा घात करत राहते.

सिमेंटचा गिलावा आणि चुन्याचा गिलावा

चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो, भिंतीबरोबर किंचित हलतो आणि त्यात पडलेल्या केसाएवढ्या भेगा काही प्रमाणात आपोआप सांधल्या जातात. जुन्या चिऱ्याच्या घराची डागडुजी करायची असेल तर हाच गिलावा योग्य आहे, कारण अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर दिला की आतली ओल कोंडून राहते आणि थर चिऱ्यासकट सुटून येतो. पण चुना सावकाश घट्ट होतो, तो लावणारे जाणकार गवंडी आता शोधावे लागतात, आणि वळचणीच्या आसऱ्याशिवाय तो झडीत फार काळ टिकत नाही. वर्षा-दोन वर्षांनी चुन्याचा हात मारावा लागतो, तो वेगळाच.

काँक्रीटच्या सांगाड्याच्या नव्या घराला सिमेंटचा गिलावाच सोयीचा आहे, फक्त तो नीट झाला पाहिजे. बाहेरील गिलावा दोन थरांत मिळून सुमारे २० मिलिमीटर जाडीचा आणि एक भाग सिमेंटला चार भाग वाळू या प्रमाणाचा असावा. सिमेंट जास्त घातले म्हणजे गिलावा अधिक पक्का होतो ही समजूत चुकीची आहे. सिमेंट जास्त झालेला गिलावा आकसतो आणि तडकतो. मिश्रणात पाणीरोधक रसायन घालावे, पण ते भेग थांबवत नाही हे ध्यानात ठेवावे. भेगा हमखास पडतात त्या तुळई किंवा खांब आणि चिऱ्याची भिंत जिथे भिडतात तिथे, कारण दोन्ही साहित्ये ऊन-पावसात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात व आकसतात. त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १०० ते १५० मिलिमीटर जाईल अशी जाळी ठोकून मगच गिलावा करायला हवा. मेस्त्रीशी बोलताना ही जाळी करारात लिहून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण गिलावा झाल्यावर ती घातली होती की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. वाळू खारी नसल्याची खात्रीही आधीच करावी. खाऱ्या वाळूचे क्षार पुढे पांढऱ्या बुरशीसारखे भिंतीवर उमटतात.

रंगाविषयी थोडक्यात एवढेच. सिमेंट पेंट सर्वांत स्वस्त, पण दोन-तीन पावसाळ्यांत विटतो. बाहेरच्या भिंतींचा चांगला अॅक्रिलिक इमल्शन बहुतेक बाजूंना पुरतो. लवचिक जाड थराचा इलास्टोमेरिक रंग केसाएवढ्या भेगांवर ताणून बसतो आणि पश्चिम भिंतीवर त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. मात्र कोणताही रंग गिलावा मुरून सुकल्यावर, म्हणजे निदान चार आठवड्यांनी, द्यावा. चवथीला घर स्वच्छ दिसावे म्हणून ऐन श्रावणात बाहेरच्या भिंती रंगवण्याची घाई आपल्याकडे होते, आणि ओल्या भिंतीवर चढवलेला तो रंग दिवाळीपर्यंत फुगे धरतो.

खिडक्या : सरकत्या की उघडझाप करणाऱ्या

खिडकीचा विचार करताना लोक आधी साहित्य ठरवतात : लाकूड, अॅल्युमिनियम की यूपीव्हीसी (एक प्रकारचे कडक प्लास्टिक). माझ्या मते आधी ठरवावे ते ती उघडणार कशी, कारण झडीत पाणी आत येते की नाही हे मुख्यतः त्यावर ठरते.

सरकत्या खिडकीच्या खालच्या चौकटीत रूळ असतात आणि रुळांमधल्या पन्हळीत पाणी साचते. ते बाहेर जावे म्हणून बाहेरच्या कडेला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. वारा नसेल तेव्हा ती आपले काम चोख करतात. पण ताशी सत्तर किलोमीटर वेगाचा झोत तावदानावर आदळतो तेव्हा त्याचा दाब सुमारे २३ मिलिमीटर उंचीचे पाणी तोलून धरण्याइतका असतो. अशा वेळी छिद्रांतून पाणी बाहेर पडायचे थांबते, उलट हवा आणि तुषार आत येऊ लागतात, पन्हळ भरत जाते आणि तिची आतली कड त्या उंचीपेक्षा बुटकी असेल तर पाणी काठावरून थेट खोलीत ओघळते. सरकत्या तावदानांमधली ब्रशसारखी पट्टी धूळ अडवते, वाऱ्याचा दाब अडवत नाही. त्यामुळे सरकती खिडकीच घ्यायची असेल, तर बनवणाऱ्याला आतल्या कडेची उंची विचारावी आणि पन्हळीतली छिद्रे वर्षातून एकदा, मेअखेरीस, साफ करावीत.

बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीत तावदानाची चौकट रबरी पट्टीवर चारही बाजूंनी दाबून बसते. कडी एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी अडकणारी असेल तर पट्टी सगळीकडे सारखी दाबली जाते. अडचण दुसरीच आहे. बाहेर उघडणाऱ्या तावदानांना बाहेरचे गज आड येतात, म्हणून गज आतून बसवावे लागतात आणि डासांची जाळीही आतच येते. काही घरांत यावरून वाद होतात, पण नैर्ऋत्येकडच्या शयनगृहासाठी ही गैरसोय पत्करणे मी श्रेयस्कर मानतो. पडवीत उघडणाऱ्या किंवा पूर्वेकडच्या खिडक्या खुशाल सरकत्या ठेवाव्यात. त्या स्वस्त पडतात आणि जागाही अडवत नाहीत.

आता साहित्य. सागवानी किंवा फणसाची चौकट गोव्याच्या घराला शोभते, पण लाकूड पावसाळ्यात फुगते आणि आखडून बसते, आणि उन्हाळ्यात आकसून फटी पाडते. खोल पडवीमागे ती उत्तम. उघड्या पश्चिम भिंतीत ती बसवायची तर दर दोन वर्षांनी तेल-रंगाची तयारी हवी. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्याही वळचणीच्या किंवा बल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या छपरी ओट्याच्या, आसऱ्यानेच टिकल्या आहेत.

अॅल्युमिनियमची चौकट ताठ असते आणि मोठ्या तावदानाला चालते, पण किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत तिचा लेप पातळ असला की त्यावर पांढरे ठिपके पडून खड्डे होतात. बार्देश, सासष्टी किंवा काणकोणच्या किनारपट्टीत घर असेल तर लेपाची जाडी आणि हमी लेखी मागावी. यूपीव्हीसीला खारी हवा बाधत नाही आणि तिचे कोपरे वितळवून जोडलेले असल्याने तिथून पाणी झिरपत नाही. मोठ्या आकारात मात्र तिच्या आत पोलादी पट्टी असणे आवश्यक आहे, नाहीतर वाऱ्याने चौकट वाकते आणि रबरी पट्टीचा दाब सुटतो. दोन्ही प्रकारांत बिजागऱ्या व कड्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. समुद्रापासून लांब, डिचोली-फोंड्याच्या बाजूला, ३०४ पुरते. झडीच्या बाजूला मी यूपीव्हीसीची बिजागरीची खिडकी पसंत करतो, आणि फार रुंद तावदान हवे असेल तर जाड लेपाचे अॅल्युमिनियम.

यांपैकी काहीही घेतले तरी चौकट आणि भिंत यांच्यातील फट सिमेंटने भरू नये. सिमेंट चौकटीला धरून राहत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी भेग देते. तिथे फोमची दोरी दाबून बाहेरून न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर टिकत नाही.

सज्जा आणि खालचा दगड

खिडकीवरचा दीड-दोन फुटांचा सज्जा झडीपासून पूर्ण संरक्षण देत नाही. पाऊस ४५ अंशांत येत असेल तर सज्जा जितका बाहेर तितकाच वरचा भाग कोरडा राहतो, पाच फुटी खिडकीचा खालचा निम्म्याहून अधिक भाग भिजतोच. तरीही सज्जा हवा, कारण भिंतीवरून ओघळणारे पाणी तो चौकटीच्या वरच्या सांध्यापासून दूर नेतो. त्यासाठी त्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, बोटाच्या रुंदीची खाच हवी. खाच नसली तर पाणी सज्जाच्या पोटाला चिकटून मागे येते आणि नेमके चौकटीच्या माथ्यावर उतरते. खिडकीखालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता, भिंतीच्या दीड-दोन इंच पुढे आलेला आणि खालून तशीच खाच असलेला असावा. सपाट बसवलेला चकचकीत ग्रॅनाइट मी अनेक नव्या घरांत पाहतो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याच्या खालच्या भिंतीवर ओलीचा डाग असतो. सज्जा आणि दगड यांचा खर्च पूर्ण खिडकीच्या तुलनेत किरकोळ आहे, म्हणून पैसे कमी पडत असतील तर आधी खिडक्यांचा आकार लहान करावा, पण या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

कामाचा क्रम

बाहेरील गिलावा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करून घेणे सर्वांत चांगले, म्हणजे तो पाणी मारून मुरवायला आणि मग सुकायला पुरेसे दिवस मिळतात. खिडकीच्या कडांचा गिलावा आणि खालचा दगड झाल्यावर चौकटी बसवाव्यात. लाकडी चौकट मात्र चिऱ्याच्या कामाबरोबरच उभी होते. आतला रंग देण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये, पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवर आणि तुळईखालच्या सांध्यावर नळीने पंधरा-वीस मिनिटे पाण्याचा मारा करून एका माणसाला आत उभे करावे. गळती दिसली तर ती त्याच आठवड्यात दुरुस्त होते, आणि शेवटचा हप्ता मेस्त्रीला ही चाचणी झाल्यावरच द्यायचा असे आधीच ठरवलेले असेल तर ती तत्परतेने होते.